तिसऱ्या गटातले अकरा

माझा मामा नाकासमोर चालणारा माणूस. इतका, की रस्त्यात कोणी ओळखीचं भेटलं तर तो आधी थांबायचा, मग माणूस ओळखायचा, मग हसायचा, आणि तोवर समोरचा निघून गेलेला असायचा. एका मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रे विभागाच्या मागे, बिनखिडकीच्या खोलीत तो एकतीस वर्षं आकडे मोजत बसला. रुग्णालयात सगळे त्याला 'दशांश' म्हणत. कँटीनवाल्याने एकदा साखर किती घालू विचारलं, तेव्हा ह्याने 'सव्वा चमचा' सांगितलं आणि सव्वा कसा मोजायचा तेही करून दाखवलं. तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच. मामाला त्याचा राग नव्हता. फोनवर कोणी 'दशांश आहेत का' विचारलं तर तो गंभीरपणे 'बोलतोय' म्हणायचा.

ह्याच माणसाच्या हिशेबापायी माझ्या आईचा डावा पाय गेला. मी हे रागाने लिहिते आहे आणि तो राग लपवायचा माझा विचार नाही. पण मामा वाईट माणूस होता असं कोणी म्हणालं, तर मी त्याच्याशीही भांडेन.

आई त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. त्यांची आई गेली तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि मामा चार. त्याला आंघोळ घालणं, शाळेत सोडणं, तापात रात्र रात्र मांडीवर घेऊन बसणं, सगळं तिनेच केलं. पुढे मामाने लग्न केलं नाही. आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून त्याची एक खोली होती, पण जेवायला तो रोज आमच्याकडे. माझे वडील मी लहान असतानाच वारले, त्यामुळे आमचं घर म्हणजे आई, मी आणि जेवणाच्या वेळेला मामा. तो सत्तावन्न वर्षांचा झाला, डोक्यावर केस उरले नाहीत, तरी आई त्याला बाळ्याच म्हणे. तो तिला ताई म्हणे आणि तिच्यासमोर कधी आवाज चढवत नसे.

कामात मामाचे दोन नियम होते आणि त्यांचा त्याला फार ताठा होता. पहिला नियम, रुग्णांची नावं बघायची नाहीत. नाव वाचलं की माणूस दिसतो, माणूस दिसला की हात एका बाजूला झुकतो, असं त्याचं म्हणणं. त्याच्या टेबलावर यायचे ते फक्त नंबर. दुसरा नियम, जे माहीत नाही ते रिकामं सोडायचं. मामा नोकरीत नवा असताना एका कारकुनाने वय माहीत नसलेल्यांपुढे सरसकट नव्व्याण्णव लिहून ठेवलं होतं, आणि बालरोग विभागातल्या मुलांचं सरासरी वय एकेचाळीस निघालं होतं. ते हसं झाल्यावर मामाने सगळ्या वॉर्डांत फिरून नर्सना आणि कारकुनांना बजावलं, की अंदाजाने काही भरू नका. अंदाज म्हणजे थाप. रिकामी चौकट मला चालेल, खोटी चालणार नाही.

त्याने हे इतकं घोकून घेतलं होतं की एखाद्या नर्सला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने तेच सांगितलं असतं.

चार वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया विभागाच्या मोठ्या डॉक्टरांनी एक अभ्यास हाती घेतला. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाला जखम झाली की ती महिनोन् महिने भरत नाही, कधी आतून सडते, मग पाय कापावा लागतो. अशा एकशे वीस रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट केले, प्रत्येकी चाळीस. पहिल्या गटाला साधी ओली पट्टी, रोज बदलायची. दुसऱ्याला मलमाची, तीही रोज. तिसऱ्याला नवीच आलेली निळी पट्टी, स्पंजासारखी जाड, आठवड्यातून दोनदाच बदलायची. जखम पूर्ण भरायला किती दिवस लागले ते प्रत्येकाच्या नंबरासमोर लिहायचं, आणि शेवटी तिन्ही गटांच्या सरासऱ्या एकमेकींशी ताडून बघायच्या. हे शेवटचं काम मामाचं.

एकदा जेवताना मी त्याला म्हटलं, "तीन सरासऱ्या काढल्या, लहान कुठली ते दिसलं, झालं की. त्यात तुझं शास्त्र कशाला?"

मामाने घास खाली ठेवला. हा प्रश्न त्याला कोणी विचारला की त्याचं जेवण थंड होणार हे ठरलेलं.

"समज, तीन घरं आहेत. प्रत्येक घरात आपापसात कुरबुरी आहेतच. भावाभावांच्या, सासूसुनेच्या. आता मला ठरवायचंय, की ह्या घराचं त्या घराशी खरोखर वैर आहे का. तर आधी घरातल्या घरात किती भांडतात ते मोजायचं. आणि घराघरांमधलं भांडण त्याच्या कितीतरी पट मोठं निघालं, तरच वैर म्हणायचं. नाहीतर ती आपली नेहमीचीच कटकट."

"आपल्या घराचा नंबर कितवा?" आईने विचारलं.

"ताई, आपल्याकडे भांडायला माणसं आहेतच कुठे?"

"तू आहेस की."

मामा हसला आणि पुढे सांगत राहिला. गटागटांमधल्या फरकाला गटाच्या आतल्या फरकाने भागायचं. भागाकार मोठा आला, की समजायचं हा फरक योगायोगाने पडलेला नाही, पट्टीनेच पडला आहे. ह्याला संख्याशास्त्रवाले अनोव्हा म्हणतात. मी छापखान्यात मुद्रितं तपासते, मला आकड्यांत फारशी गती नाही, पण तीन घरांचं भांडण मला कळलं.

अभ्यास संपला तेव्हा सरासऱ्या आल्या एकसष्ट दिवस, एकोणसाठ दिवस आणि निळ्या पट्टीच्या एकेचाळीस. मामा दशांशही सांगत होता, ते मी गाळते. भागाकार जवळजवळ सतरा. इतक्या वर्षांत इतका स्वच्छ निकाल आपण पाहिला नाही असं तो म्हणाला. मोठ्या डॉक्टरांचा लेख एका चांगल्या वैद्यकीय मासिकात छापून आला, शेवटी बारीक अक्षरात मामाचे आभार होते. आईने तो अंक कपाटात, तिच्या चांगल्या कपड्यांच्या घडीखाली ठेवला. रुग्णालयात सगळ्यांना निळी पट्टी सुरू झाली. नर्स खूश, कारण काम कमी. रुग्ण खूश, कारण रोज पट्टी सोलून काढताना जीव जायचा तो थांबला.

दोन वर्षांनी आईच्या डाव्या तळव्यात नव्या चपलेचा खिळा घुसला. तिला अठरा वर्षांचा मधुमेह, पायाला संवेदना नाही. तिसऱ्या दिवशी चादरीवर डाग दिसला तेव्हा कुठे कळलं. आमच्या गल्लीतले म्हातारे डॉक्टर म्हणाले, साधी पट्टी करू, पण रोज उघडून बघू. बघण्यात खाडा नको.

मामा जन्मात कधी कोणाच्या शब्दाला शब्द लावणारा नाही. त्या दिवशी मात्र तो आईसमोर उभा राहून बोलला.

"ताई, ते डॉक्टर चांगले आहेत, पण जुने आहेत. माझ्याकडे आकडे आहेत. तुझे वीस दिवस वाचतील. आमच्या रुग्णालयात चल."

"हा आयुष्यात पहिल्यांदा ठामपणे काहीतरी बोलतोय," आई मला म्हणाली. "ऐकायलाच हवं."

निळी पट्टी लागली. दुखणं नाही, रोजची उघडझाक नाही. मामाने कॅलेंडरवर एकेचाळिसाव्या दिवसाभोवती पेन्सिलीने गोल काढला. पट्टीच्या आत काय चाललंय ते चार-चार दिवस कोणालाच दिसत नव्हतं. पाचव्या आठवड्यात आईला थंडी वाजून ताप भरला. पट्टी काढली तेव्हा खोलीभर सडका वास सुटला. पू हाडापर्यंत गेला होता. डॉक्टरांनी आठवडाभर पराकाष्ठा केली. त्रेचाळिसाव्या दिवशी गुडघ्याखालून पाय काढला.

"सरासरी म्हणजे प्रत्येकाचं तसंच होईल असं नसतं," मामा मला रुग्णालयाच्या जिन्यात म्हणाला. "कोणीतरी टोकाला असतंच. ताई टोकाला निघाली." त्याला ते खरं वाटत होतं आणि मलाही. नशीब म्हणून आम्ही ते गिळलं.

आई घरी आली. तीन आठवड्यांनी तिच्या कृत्रिम पायासाठी काही कागद लागले, म्हणून मामा ड्रेसिंग रूममध्ये गेला. तिथल्या थोरल्या सिस्टर पंधरा वर्षं तिथेच होत्या. त्या आईचा तक्ता भरत होत्या. नाव, वय, जखम कुठे, पट्टी कुठली. मग आली 'जखम भरायला लागलेले दिवस' ही चौकट. सिस्टरांनी ती सोडली आणि खाली सही केली.

"ही का सोडलीत?" मामाने विचारलं.

"मग काय लिहू? जखम भरलीच नाही. पाय गेला."

"तसं लिहा."

"तशी चौकटच नाही हो तुमच्या तक्त्यात. आणि तुम्हीच शिकवलंय ना, माहीत नाही ते रिकामं सोडा म्हणून? आम्ही पहिल्यापासून तसंच करतो."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"म्हणजे त्या तीन पट्ट्यांच्या अभ्यासापासून."

हे मला मामाने नंतर सांगितलं. सांगताना तो थांबला आणि म्हणाला, की त्या क्षणी त्याला आधी काहीच वाटलं नाही. फक्त सिस्टरांच्या टेबलावरची कात्री फार स्पष्ट दिसायला लागली. मग त्याने अभ्यासाची जुनी वही मागितली. ड्रेसिंग रूमची स्वतःची वही, नावांसकट, शेऱ्यांसकट. ती त्याने कधी बघितलीच नव्हती. नावं बघायची नाहीत हा त्याचा पहिला नियम.

त्याच्याकडे आलेल्या तक्त्यात सोळा जणांसमोर दिवसांची चौकट रिकामी होती. त्याने तेव्हा धरलं होतं, की हे लोक यायचे बंद झाले असतील. लांबून येणारे बंद होतातच, प्रत्येक अभ्यासात चारदोन गळतात. रिकाम्या चौकटीत भर घालायची नाही, म्हणून ती सोळा माणसं बाजूला ठेवून त्याने उरलेल्यांच्या सरासऱ्या काढल्या. वहीत तीच माणसं नावानिशी होती. पहिल्या गटातले तीन, दुसऱ्यातले दोन आणि तिसऱ्या गटातले अकरा. त्या अकरांपैकी दोघे यायचे बंद झाले होते. नऊ जणांपुढे लाल शाईत शेरा होता, 'पाय काढला'. बाकी दोन गटांत असा शेरा एकेकालाच होता.

म्हणजे घरातले नऊ भांडखोर आधी घराबाहेर काढले, आणि मग सांगितलं की बघा, हे घर किती गुण्यागोविंदाने नांदतंय. निळ्या पट्टीखाली ज्यांची जखम सडली ते हिशेबातून गळाले. ज्यांची जखम मुळातच लवकर भरणारी, ते उरले. सरासरी खाली आली, गटाच्या आतला फरकही आकसला, आणि भागाकार फुगला. गणित कुठेच चुकलं नव्हतं. मामाने बेरजा तीनदा तपासल्या होत्या.

तो वही घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं. आईबद्दल वाईट वाटल्याचं म्हणाले, आणि ते खोटं नसावं.

"अहो दशांश, घरात असं झालं की माणसाला सगळीकडे तेच दिसतं."

"सर, चाळीसात नऊ पाय. बाकीच्या दोन गटांत एकेक. ह्याला अनोव्हासुद्धा लागत नाही. बोटांवर मोजता येतं."

"त्या नऊ जणांच्या जखमा आधीच वाईट असतील."

"गट चिठ्ठ्या टाकून केले होते सर."

डॉक्टर जरा वेळ वही चाळत राहिले. मग म्हणाले, "लेख छापून झालाय. दुसरी रुग्णालयंही तो वापरतायत. आपण घाईने काही बोललो तर गोंधळ होईल. समितीपुढे ठेवू. महिनाभर थांबा."

"तोवर पट्टी बंद ठेवायची का?"

"एका वहीवरून? थांबा म्हटलं ना."

आणि मामा थांबला. मूग गिळून थांबला. मला ह्याचा जितका संताप येतो तितका त्या हिशेबाचाही येत नाही. हिशेबाची चूक कोणाच्याही हातून होईल. थांबायला मात्र त्याला कोणी दोरीने बांधलं नव्हतं. महिना गेला, समिती बसली नाही. आणखी पंधरा दिवस गेले. तो रोज कामावरून सुटला की आमच्याकडे यायचा, आईच्या उरलेल्या पायाजवळ स्टुलावर बसायचा आणि भिंग घेऊन तिचा तळवा बघायचा.

"किती बघतोस रे, तिथे काही छापलंय का?" आई म्हणायची.

तो भिंग आणखी जवळ न्यायचा. त्याचं जेवण अर्ध्यावर आलं होतं. बहिणीच्या दुःखाने भाऊ खंगला असं मला वाटायचं, आणि मी मूर्खासारखी त्याला आग्रह करकरून वाढायचे.

एका दुपारी तो छापखान्यात आला. इतक्या वर्षांत तो तिथे कधीच आला नव्हता. त्याने माझ्या टेबलावर एक पत्र ठेवलं, रुग्णालयाच्या अधीक्षकांच्या नावाचं, आणि म्हणाला, "जरा शुद्धलेखन बघून दे." सोबत तीन सरासऱ्यांचा जुना तक्ता जोडला होता.

मी सवयीने पेन्सिल हातात घेतली. चौथ्या ओळीत गाळलेले नऊ पाय आले, तेव्हा ती खाली ठेवली.

आमच्या धंद्यात एक गोष्ट सगळे जाणतात. चुकीचा छापलेला शब्द डोळ्याला खुपतो, गाळलेला शब्द खुपत नाही, कारण जे नाही त्यावर डोळा अडखळत नाही. पण ह्या तक्त्यात गाळलेलंही दिसत होतं. एका कोपऱ्यात मामाच्या सुवाच्य अक्षरात 'दोन, एकशे एक' असं होतं. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, गट तीन, त्यातून एक वजा म्हणून दोन, आणि माणसांतून तीन वजा केले की दुसरा आकडा. मी मनात हिशेब केला. एकशे वीसमधून तीन वजा केले तर एकशे सतरा व्हायला हवे होते.

"हे छापून आलं होतं?"

"हो."

"कोणी विचारलं नाही, सोळा माणसं गेली कुठे?"

"मीच नाही विचारलं," मामा म्हणाला.

मी ओरडले. शेजारच्या टेबलावरच्यांनी माना वर केल्या, तरी ओरडले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. तू रोज येऊन तिच्या पायाशी बसत होतास, माझ्या हातचं जेवत होतास, असं काहीतरी. तो उभाच होता. मग मी विचारलं, "आईला सांगितलंस?"

"पत्र दिलं की सांगणार होतो."

"आधी आई. आत्ता."

आम्ही घरी पोचलो तेव्हा दीड वाजला होता. आई खिडकीजवळ चाकाच्या खुर्चीत बसून मटार सोलत होती. मामा स्टुलावर बसला नाही, जमिनीवर बसला. त्याने सगळं सांगितलं, पहिल्या रिकाम्या चौकटीपासून समितीपर्यंत. एकही गोष्ट त्याने सौम्य केली नाही, एवढं मी त्याच्या बाजूने लिहीन. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली होती. ती रडली नाही. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा जाऊ दे बाळ्या म्हणेल. आयुष्यभर ती त्याला जाऊ दे बाळ्याच म्हणत आली होती.

"तुला कधी कळलं हे?" तिने विचारलं.

"दीड महिना झाला."

"आणि ती पट्टी? बंद केली?"

"नाही. चालू आहे."

"ह्या दीड महिन्यात किती जणांना लावली?"

मामाने खिशात हात घातला नाही, आठवायचा प्रयत्नही केला नाही. "एकतीस," तो म्हणाला.

"आज?"

"आज सकाळी दोघांना. दुपारची पाळी दोनला सुरू होते."

आईने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "मग इथे काय बसलास?"

आम्ही जवळजवळ पळत गेलो. पत्र मामाने अधीक्षकांच्या कचेरीत दिलं, पोच घेतली. शुद्धलेखन बघायचं राहूनच गेलं. मग आम्ही ड्रेसिंग रूमच्या बाहेरच्या व्हरांड्यात आलो. बाकावर सात जण बसले होते, सगळ्यांचे पाय गुंडाळलेले. मामा दाराशी उभा राहिला. त्याला चार माणसांत बोलायची सवय नाही, त्याचे कान लाल झाले होते.

"ऐका," तो म्हणाला. "निळी पट्टी लावून घेऊ नका. साधी मागा, आणि रोज उघडून बघा. ह्या पट्टीने पाय जातात."

"तुम्ही डॉक्टर का?" एका बाईने विचारलं.

"नाही. मी सरासऱ्या काढतो."

कोणीतरी हसलं. काठी घेतलेल्या एका गृहस्थांनी काठीनेच समोरची भिंत दाखवली. तिथे प्लास्टिकच्या आवरणातला मोठा तक्ता लावला होता. तीन उभे रकाने, निळा सगळ्यांत बुटका, खाली 'सर्वांत जलद'.

"तिथे तर असं लिहिलंय."

"ते चुकीचं आहे," मामा म्हणाला. "ते मीच काढलंय."

"मग आत्ता बोलताय ते बरोबर कशावरून?"

थोरल्या सिस्टर बाहेर आल्या. त्यांचाही चेहरा उतरलेला होता, पण त्या म्हणाल्या, "लेखी आदेश आणा हो. माझ्या मनाने मी पट्टी बदलली तर उद्या मलाच जाब विचारतील." आणि त्यांनी पुढचा नंबर पुकारला. 'डॉक्टर का' विचारणारी बाई उठली आणि लंगडत फाटकाकडे गेली. बाकीचे सहाजण एकेक करून आत गेले. आम्ही शेवटचा जाईपर्यंत उभे होतो.

घरी आल्यावर आईने विचारलं, "ऐकलं का कोणी?"

"एका बाईने," मामा म्हणाला.

आईने मांडीवरची शाल सारखी केली. मग म्हणाली, "उद्या मला घेऊन चल. हा पाय बघितला की ऐकतील."

शस्त्रक्रियेपासून आईने तो पाय कोणाला दाखवला नव्हता. मी आंघोळ घालताना ती त्यावर पंचा टाकायची. शेजारीण आली तर मांडीवर शाल ओढून घ्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ड्रेसिंग रूमच्या दाराशी खुर्चीत बसली आणि तिने शाल काढून माझ्या हातात दिली. येणाऱ्या प्रत्येकाला ती एवढंच सांगायची, "निळी पट्टी होती. त्रेचाळीस दिवस." लोक बघायचे, नजर वळवायचे, पुन्हा बघायचे. काही जण तरीही आत गेले. बरेच जण साधी पट्टी मागायला लागले. मोठे डॉक्टर एकदा तिथून गेले, थांबले आणि पुढे गेले. सुरक्षारक्षकाला तिला हलवायला सांगितलं होतं. तो आला, त्याने तिचा पाय बघितला, आणि तिच्यासाठी पंखा सुरू करून परत गेला.

असे नऊ दिवस. रोज सकाळी आणि संध्याकाळी खुर्ची मामा ढकलायचा. सगळा रस्ता, चढासकट, उन्हासकट. त्या नऊ दिवसांत आई त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. त्याने पाणी पुढे केलं तर ती माझ्याकडून घ्यायची. मला वाटलं, होईल हळूहळू. ज्याला मांडीवर वाढवलं त्याच्यावर किती दिवस रागावेल?

दहाव्या दिवशी अकराच्या सुमारास आदेश आला. सिस्टरांनी भिंतीवरचा तक्ता उतरवला आणि त्या जागी तो कागद चिकटवला. निळी पट्टी पुढील चौकशीपर्यंत बंद. मामाने तो तीनदा वाचला. आईला वाचून दाखवायला तो वळला, तर तिने मान हलवून वाचल्याचं सांगितलं.

तो आम्हाला घरापर्यंत घेऊन आला. खुर्ची उंबऱ्यावरून आत घेतली, खिडकीजवळ नेली. त्या एकतीस जणांपैकी चौघांचे पाय तोवर गेले होते. आईने ते सिस्टरांकडून काढून घेतलं होतं.

"पट्टी बंद झाली," ती म्हणाली. नऊ दिवसांनी पहिल्यांदा ती त्याच्याकडे बघून बोलत होती. "आता उद्यापासून येऊ नकोस, बाळ्या."

मी "आई" म्हणाले. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

मामाने खुर्चीचे दोन्ही ब्रेक लावले, नीट लागलेत का ते हलवून बघितलं, आणि चपला घालून गेला.